‘अंडरग्रॅज्युएट’ म्हणजे नेमकं कोण? आणि मराठीत काय लिहायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. प्रश्न एका शब्दाचा आहे, पण त्यापायी मुलांचं खरंच नुकसान होऊ शकतं असं दिसलं म्हणून इथे मांडतेय.

एका संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या कामात मी मदत करते. शिष्यवृत्ती बारावीनंतर पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. इंग्रजी पत्रकात ‘अंडरग्रॅज्युएट स्टुडंट्स’ आहे, मराठी पत्रकात त्याचं ‘पदवीपूर्व विद्यार्थी’ झालं. पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं आणि अकरावी-बारावीच्या मुलांचे फोन सुरू झाले. ‘पदवीच्या आधीचे म्हणजे आम्हीच ना?’ त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. याउलट एसवाय बीएस्सीची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मी तर पदवीला आहे. पदवीपूर्व नाही. म्हणून मी अर्जच केला नव्हता.’ मैत्रिणीने सांगितलं म्हणून तिने फोन तरी केला. ज्यांनी केला नाही अशा किती असतील?

आणखी एक अर्ज आला तो बीकॉम दुसऱ्या वर्षाला सोडून नोकरीला लागलेल्या मुलाचा. शिक्षणाच्या रकान्यात त्याने ‘अंडरग्रॅज्युएट’ लिहिलंय. तोही मनापासूनच लिहिलाय, कारण नोकरीच्या जाहिरातींत तो हाच शब्द याच अर्थाने वाचत आलाय.

तर मूळ शब्दाचा अर्थ नक्की काय, तो कुठे कसा वापरतात आणि मराठीत काय लिहिलं तर एफवायच्या मुलाला ‘हे माझ्यासाठी आहे’ असं एका वाचनात कळेल? नवीन पत्रक छापायचं आहे, त्यामुळे मनापासून विचारतेय.

पैलतीर

चांगला धागा. शब्द आधी फोडून पाहू.

‘ग्रॅज्युएट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘ग्रॅडस’ आहे, म्हणजे पाऊल, पायरी. विद्यापीठाने दिलेल्या पायरीवर जो चढला तो ग्रॅज्युएट. इंग्रजीत ‘अंडरग्रॅज्युएट’ सतराव्या शतकापासून आढळतो. तिथला ‘अंडर’ काळाचा नाही, दर्जाचा आहे. विद्यापीठाच्या आत आलेला, पण पहिल्या पायरीखाली उभा असलेला. म्हणजे या शब्दात दोन अटी एकत्र आहेत. विद्यापीठाच्या पटावर नाव असलं पाहिजे आणि पहिली पदवी अजून हातात पडलेली नसली पाहिजे.

बारावीतला मुलगा दुसरी अट पुरी करतो, पहिली नाही. बीकॉम सोडलेल्या मुलाचंही तेच. त्याचं नाव पटावरून गेलं, त्यामुळे मूळ अर्थाने तो आता अंडरग्रॅज्युएट राहिला नाही. एसवाय बीएस्सीची मुलगी मात्र दोन्ही अटींत चपखल बसते.

आपल्या ‘पदवी’ शब्दाचीही गंमत बघा. संस्कृतात पदवी म्हणजे वाट, मार्ग. ‘पद’ म्हणजे पाऊल, त्याच्याशी नातं सांगणारा शब्द. मानाचं स्थान, किताब, विद्यापीठाची डिग्री हे अर्थ मागाहून आले. लॅटिनमध्येही पाऊल आणि आपल्याकडेही पाऊल.

सांजवारा

वाचतेय. या शब्दाने मलाही फॉर्म भरताना बऱ्याचदा अडवलंय.

कृष्णाकाठ

@रानजाई, तुम्हाला जे फोन आले त्याचं आम्हा सीमाभागातल्या लोकांना मुळीच आश्चर्य वाटणार नाही. कन्नडमध्ये ‘पदवी पूर्व’ हा शब्द रीतसर अकरावी-बारावीसाठीच आहे. कर्नाटकात ज्याला पीयूसी म्हणतात, म्हणजे प्री-युनिव्हर्सिटी कोर्स, त्याचं कन्नड नाव ‘पदवी पूर्व’. कॉलेजच्या पाटीवर ‘पदवी पूर्व कॉलेज’ लिहिलेलं असतं आणि आत अकरावी-बारावीचे वर्ग भरतात. बीए-बीकॉमच्या कॉलेजला ‘पदवी कॉलेज’, इंग्रजीत डिग्री कॉलेज.

म्हणजे तोच संस्कृत शब्द, तीच अक्षरं, आणि नदी ओलांडली की विद्यार्थी तीन वर्षांनी लहान होतो. मराठी माध्यमात शिकून पुढे कर्नाटकातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना दोन्ही वापर रोज दिसतात. तुमचं पत्रक इकडे आलं तर बारावीचीच मुलं अर्ज करणार, आणि त्यांच्या बाजूने ते शंभर टक्के बरोबर असेल.

निशिगंध

मी ‘पदवीपूर्व’च्या बाजूने बोलते. हा शब्द वर्तमानपत्रांत, विद्यापीठांच्या परिपत्रकांत रुळलेला आहे. ‘पदवीपूर्व’ आणि ‘पदव्युत्तर’ ही जोडी कानाला नीट लागते, लक्षात राहते. आणि पारिभाषिक शब्द फोड करून वाचायचा नसतो, तो शिकायचा असतो.

‘पूर्व’चं म्हणाल तर ‘प्रसूतिपूर्व तपासणी’ घ्या. ती दिवस गेलेल्या बाईचीच करतात. प्रसूती अजून व्हायची आहे, पण त्या वाटेवरचा प्रवास सुरू आहे, हाच अर्थ तिथे आहे. तसंच पदवीच्या वाटेवर असलेला तो पदवीपूर्व विद्यार्थी. यात न कळण्यासारखं काय आहे?

पैलतीर

@निशिगंध, ‘प्रसूतिपूर्व’चं उदाहरण फार चांगलं आहे, मान्य. पण त्याच ठशातले बाकीचे शब्द उलट्या दिशेला ओढतात. स्वातंत्र्यपूर्व काळ म्हणजे स्वातंत्र्य मिळायच्या आधीचा सगळा काळ. विवाहपूर्व समुपदेशन म्हणजे लग्न लागायच्या आधीचं. ‘शाळापूर्व’ म्हटलं की शाळेत पाऊलच न टाकलेलं मूल डोळ्यांपुढे येतं, शाळेत शिकणारं नाही. शिक्षणाच्या संदर्भात हा शेवटचा साचाच वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून असतो, म्हणून पदवीपूर्व म्हणजे पदवीचं शिक्षण सुरू व्हायच्या आधीचा असं तो वाचतो. फोन करणाऱ्या मुलांनी भाषा नीटच वाचली.

चिंचबन

मला इथे नाम आणि विशेषण वेगळं करावंसं वाटतं. माझ्या मते सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

इंग्रजीत हा शब्द दोन कामं करतो. ‘ही अंडरग्रॅज्युएट आहे’ म्हटलं की ते माणसाचं वर्णन झालं, आणि ते तात्पुरतं असतं. पदवी मिळाली की संपलं. पण ‘अंडरग्रॅज्युएट कोर्स’, ‘अंडरग्रॅज्युएट डिग्री’ म्हटलं की ते शिक्षणाच्या स्तराचं वर्णन असतं, आणि ते कधीच संपत नाही. साठीच्या प्राध्यापिकेकडेसुद्धा अंडरग्रॅज्युएट डिग्री असते, तिची बीए. ती स्वतः मात्र अंडरग्रॅज्युएट नसते.

आता हे मराठीत करून बघा. ‘पदवीपूर्व विद्यार्थी’ कसाबसा चालेल. ‘पदवीपूर्व अभ्यासक्रम’ही चालवून घेऊ. पण ‘पदवीपूर्व पदवी’? हे कोणीही मराठी माणूस लिहिणार नाही, कारण ते बोलताच येत नाही. जो शब्द आपल्या निम्म्या कामाला उभाच राहत नाही, तो कितीही रुळला तरी अपुराच.

@निशिगंध, परिभाषा शिकावी लागते हे पटतंच. पण ज्या पत्रकावर एखाद्या मुलीची फी अवलंबून आहे, ते वाचायच्या आधी तिने परिभाषा शिकावी अशी अपेक्षा आपण ठेवू शकत नाही ना.

निशिगंध

‘पदवीपूर्व पदवी’ पटलं. परिपत्रकात राहू दे, पत्रकात नको, इथपर्यंत मी यायला तयार आहे.

दवबिंदू

नोकरभरतीच्या क्षेत्रात काम करतो, तिथली बाजू सांगतो. तुमच्या त्या बीकॉम सोडलेल्या मुलाने जो अर्थ घेतला तो आमच्याकडे सर्रास चालतो.

भारतात कॉल सेंटर, विक्री वगैरेंच्या जाहिरातींत ‘अंडरग्रॅज्युएट्स चालतील’ असं लिहितात. त्याचा अर्थ पदवीची अट नाही, एवढाच. बारावी झालेला, कॉलेज अर्धवट सोडलेला, अजून शिकत असलेला, सगळे त्यात आले. विवाहाच्या स्थळांच्या माहितीतही ‘अंडरग्रॅज्युएट’ याच अर्थाने दिसतो. पदवी झालेली नाही हे सांगायची सभ्य पद्धत झालीय ती. म्हणजे आपल्याकडे तो शब्द काय चाललंय हे सांगायच्या ऐवजी काय झालेलं नाही हे सांगायला लागला.

पण त्याच नोकरीच्या जाहिरातीत खाली पात्रतेचा रकाना बघा. तिथे ‘यूजी: कोणतीही पदवी’ आणि ‘पीजी: आवश्यक नाही’ असं छापलेलं असतं. इथे यूजी म्हणजे पदवी हवीच! एकाच पानावर वर ‘अंडरग्रॅज्युएट’ म्हणजे पदवी नसलेला आणि खाली ‘यूजी’ म्हणजे पदवी असलेला. @चिंचबन यांनी नाम आणि विशेषणाचा जो फरक सांगितला तोच हा. नव्याने अर्ज करणारी मुलं इथे हमखास अडखळतात. माझा त्यांना नेहमीचा सल्ला असा की रकाना स्तराबद्दल विचारतोय की तुमच्याबद्दल, हे आधी बघा. पदवी सुरू असेल तर ‘एसवाय बीकॉम, शिकत आहे’ असं लिहा. सोडली असेल तर ‘बारावी उत्तीर्ण, बीकॉमचं पहिलं वर्ष पूर्ण’ असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही आणि वाचणाऱ्याचा गैरसमजही होत नाही.

रानजाई

@दवबिंदू, हे फार उपयोगाचं आहे. त्या मुलाला मी उद्याच फोन करते. त्याला परत प्रवेश घ्यायचा असेल तर काही मार्ग आहे का तेही बघायला हवं.

चांदणवेल

अमेरिकेतून लिहितेय. इथे एमएससाठी अर्ज करणारी आपली मुलं दरवर्षी हाच प्रश्न विचारतात. फॉर्ममध्ये ‘अंडरग्रॅज्युएट इन्स्टिट्यूशन’ आणि ‘अंडरग्रॅज्युएट जीपीए’ असे रकाने असतात. बीई झालेल्या मुलाला वाटतं, मी तर ग्रॅज्युएट आहे, मग इथे बारावीचं कॉलेज लिहायचं का? नाही! बीईचं कॉलेज आणि बीईचेच गुण लिहायचे. तो रकाना स्तराचा आहे.

आणि इथला ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ म्हणजे आपला पदव्युत्तर विद्यार्थी, एमएस किंवा पीएचडी करणारा. भारतात आणि ब्रिटनमध्ये ज्याला ‘पोस्टग्रॅज्युएट’ म्हणतात त्याला इथे नुसतं ‘ग्रॅड स्टुडंट’ म्हणतात. शिवाय इथे शाळा संपली तरी ‘ग्रॅज्युएट झाला’ म्हणतात. त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाचं ‘ग्रॅज्युएशन’ झाल्याचे फोटो आले की भारतातल्या आजीआजोबांना वाटतं, एवढ्यात पदवी कशी मिळाली?

इथल्या कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी मिळते. ती घेणारेही अंडरग्रॅज्युएटच. त्यामुळे हा शब्द आणि ‘बॅचलर्स’ एकच, असंही समजू नये.

ऋतुगंध

अवांतर, पण राहवत नाही. वर्षावर्षाची नावं मला नेहमी भारी वाटतात. अमेरिकेत चार वर्षांना फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर म्हणतात. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्षाचा ‘फ्रेशर’ आणि शेवटच्या वर्षाचा ‘फायनलिस्ट’. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘बेजंट’ म्हणायची जुनी प्रथा आहे. तो शब्द फ्रेंच ‘बेक जोन’वरून आला, म्हणजे पिवळी चोच. घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू!

आपल्याकडे एफवाय, एसवाय, टीवाय आहेत. पेपर राहिला तरी पुढच्या वर्षात जाऊ देणारी एटीकेटी आहे. ‘तो काय करतो?’ या प्रश्नाला ‘अंडरग्रॅज्युएट आहे’ असं उत्तर कोणत्याही मराठी घरात कोणी देत नाही. ‘एसवायला आहे’ म्हणतात, आणि कळायचं ते सगळं कळतं.

मावळतीचा_सूर्य

एफवाय-एसवायच्या आधीचीही नावं होती. आमच्या वेळी अकरावीला मॅट्रिक व्हायची. मग कॉलेजात प्री-डिग्री, त्यानंतर इंटर, आणि पुढे ज्युनियर बीए, सीनियर बीए. १०+२+३ ही पद्धत आली आणि ती सगळी नावं गेली.

भारतात या शब्दाचा अर्थ का घसरला याचं एक कारण मला दिसतं ते सांगतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली आणि १८६२ मध्ये पहिले बीए बाहेर पडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही शाळेची परीक्षा नव्हतीच, ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. ‘मॅट्रिक्युला’ म्हणजे पट, नोंदवही. मॅट्रिक झाला म्हणजे विद्यापीठाच्या पटावर यायला पात्र झाला.

त्या काळात मॅट्रिक होऊन नोकरीला लागणारे पुष्कळ, आणि बीएपर्यंत पोहोचणारे फार थोडे. मधल्या सगळ्यांना काहीतरी नाव हवंच होतं. पटावर नाव लागलं होतं, पदवी मात्र झाली नाही, असा मोठा वर्ग तयार झाला. माझा अंदाज असा की पदवी न झालेला या अर्थाचा आजचा भारतीय वापर त्याच परिस्थितीतून रुजला. ब्रिटनमध्ये हा शब्द मधल्या तीन-चार वर्षांपुरता होता. आपल्याकडे तो कित्येकांना जन्मभर चिकटला.

सांजवारा

@मावळतीचा_सूर्य, तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य वाचून माझ्या वडिलांची पिढी डोळ्यांपुढे आली. ‘इंटरपर्यंत शिकलेले’ असं त्यांच्याबद्दल आदराने म्हणायचे लोक. काय झालं नाही ते कोणी सांगायचं नाही, कुठवर गेले ते सांगायचे. ही सांगायची रीत मला जास्त आवडते.

वाटाड्या

हिंदीतला ‘स्नातक’ घेतला तर? शब्द जुना आणि सुंदर आहे. गुरुगृही विद्या पूर्ण झाली की समावर्तनाच्या वेळी विधिपूर्वक स्नान करायचं आणि घरी परतायचं. असं स्नान केलेला तो स्नातक. गृह्यसूत्रांत विद्यास्नातक, व्रतस्नातक आणि विद्याव्रतस्नातक असे प्रकारही सांगितले आहेत.

पैलतीर

@वाटाड्या, शब्द सुंदरच, पण त्याचा अर्थ विद्या पूर्ण झालेला. आपल्याला शिकत असलेला हवा आहे. हिंदीत ‘स्नातक’ पदवीधरालाही म्हणतात आणि ‘स्नातक में पढ़ रहा हूँ’ असंही म्हणतात, म्हणजे तिथेही गाठ सुटलेली नाही. गुजरातीत पदव्युत्तरसाठी ‘अनुस्नातक’ आहे. मराठी माणसाला तो शब्द पहिल्यांदा दिसला तर स्नातकाच्या खालचा की पुढचा, हे चटकन सांगता येणार नाही.

वाटाड्या

मग ‘अवरपदवीधर’? मंत्रालयात अंडर सेक्रेटरीला अवर सचिव म्हणतातच.

चिंचबन

अवर सचिव हाही सचिवच असतो, खालच्या श्रेणीचा. अवरपदवीधर म्हटलं की खालच्या श्रेणीचा पदवीधर असं होईल. आपला विद्यार्थी पदवीधर नाहीच अजून.

आणि ‘पदवीधर’ या शब्दाला आपल्याकडे कायद्याचंही वजन आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत नाव नोंदवायचं तर पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतल्या ७८ जागांपैकी ७ जागा पदवीधरांच्या. तेव्हा शिकणाऱ्याच्या नावात ‘पदवीधर’ हा तुकडा येऊच नये असं मला वाटतं.

गवतफूल

वैद्यकीय क्षेत्रातून थोडं. आमच्या बोलण्यात यूजी-पीजी इतकं मुरलंय की पूर्ण शब्द कोणी उच्चारतच नाही. ‘यूजीला कुठे होतात?’ म्हणजे एमबीबीएस कुठून केलं. प्रवेश परीक्षेचं नावही नीट-यूजी आणि नीट-पीजी.

एमबीबीएसमध्ये दोन बॅचलर पदव्या एकत्र आहेत, मेडिसिन आणि सर्जरी. म्हणजे साडेपाच वर्षं घालवली तरी स्तर पहिल्याच पदवीचा. इंटर्नशिप पुरी होईपर्यंत पदवी मिळत नाही, त्यामुळे रात्रपाळीला वॉर्ड सांभाळणारा, नातेवाइकांच्या तोंडून ‘डॉक्टर, डॉक्टर’ अशी हाक ऐकणारा इंटर्न विद्यापीठाच्या लेखी अजून अंडरग्रॅज्युएटच असतो. त्याला शिष्यवृत्तीची गरज नसते असं कोणी समजू नये, इतकंच सांगायचं होतं.

अमेरिकेत एमडीला प्रवेश घ्यायच्या आधी साधारणपणे चार वर्षांची वेगळी पदवी घेतात, म्हणून तिथला मेडिकलचा विद्यार्थी अंडरग्रॅज्युएट नाही. पण त्याच देशात मेडिकल कॉलेजातल्या शिक्षणाला ‘अंडरग्रॅज्युएट मेडिकल एज्युकेशन’ म्हणतात आणि रेसिडेन्सीला, म्हणजे त्यानंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला, ‘ग्रॅज्युएट मेडिकल एज्युकेशन’. तिथे मोजपट्टी बदलते. वैद्यकीय पदवीच्या आधीचं आणि नंतरचं, असा हिशोब.

शेवंती

कॉलेजात शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये या मुलांसाठी जो शब्द आहे तो अजून कोणी लिहिला नाही याचं नवल वाटलं. ‘सीनियर’! अकरावी-बारावी म्हणजे ज्युनियर कॉलेज, कागदोपत्री कनिष्ठ महाविद्यालय. बीए, बीकॉम, बीएस्सी म्हणजे सीनियर कॉलेज, वरिष्ठ महाविद्यालय. ‘मी सीनियरला शिकवते’ म्हटलं की महाराष्ट्रात कुणालाही कळतं. एकाच आवारात दोन्ही चालतात, म्हणून मुलंही ‘सीनियरची लायब्ररी’, ‘सीनियरचं ऑफिस’ असंच बोलतात. पत्रकात ‘वरिष्ठ महाविद्यालयातील’ एवढा एक शब्द घातला असता तरी बारावीचे निम्मे फोन आले नसते.

अर्थात त्यातही अडचण आहेच. एमए, एमकॉमही त्याच सीनियर कॉलेजात चालतं. आणि इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसीची मुलं स्वतःला सीनियर कॉलेजची म्हणत नाहीत.

@रानजाई, शब्द ठरवायच्या आधी संस्थेला दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. बीएड करणारी मुलगी चालेल का? बीए झाल्यावर तीन वर्षांचं एलएलबी करणारा मुलगा? पदवीचं नाव ‘बॅचलर’च आहे, पण त्यांची पहिली पदवी आधीच झालेली आहे. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ करणाऱ्याचं तसं नाही, त्याची ती पहिलीच पदवी. ‘अंडरग्रॅज्युएट’ या शब्दावर भिस्त ठेवलीत तर निवडीच्या वेळी समितीत वाद होणार, हे अनुभवाने सांगते.

दुसरं, नवीन शैक्षणिक धोरणाचं. २०२०च्या धोरणात पदवी चार वर्षांपर्यंत नेलीय. एका वर्षाने बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चौथ्या वर्षाला बसलेली मुलगी तीन वर्षांच्या पदवीइतकं शिकलेली असते, तरी तिचा स्तर पहिल्या पदवीचाच. ती एमएची विद्यार्थिनी नव्हे. तिला वगळू नका, कारण हेच वर्ष पैशांअभावी सोडून द्यायचा मोह होतो.

निशिगंध

@शेवंती, चौथ्या वर्षाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आता ‘पहिली पदवी’ किंवा ‘प्रथम पदवी’ हाच शब्द सरस वाटायला लागलाय. युरोपातल्या देशांनी उच्च शिक्षणाची रचना एकमेकांशी जुळवून घ्यायचं ठरवलं त्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर, म्हणजे १९९९ पासून, ‘पहिला टप्पा’ आणि ‘दुसरा टप्पा’ अशीच भाषा रूढ झाली. शेजारशेजारच्या देशांत पदव्यांची नावं इतकी निरनिराळी होती की क्रमाने मोजणं हाच सोपा मार्ग उरला असणार.

कृष्णाकाठ

‘प्रथम पदवी’ला माझं अनुमोदन. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच अर्थ लागेल.

ऋतुगंध

बोलताना नामाची गरजच नाही असं माझं मत. मराठीत एक ‘ला’ सगळं काम करतो. ‘पदवीला आहे’ म्हणजे शिकतोय. ‘पदवीधर आहे’ म्हणजे झालं. ‘पदवी अर्धवट राहिली’ म्हणजे सुटलं. तिन्ही अवस्था वेगळ्या, तिन्ही शब्द घरातले. रानजाईंच्या त्या एसवायच्या मुलीने हेच तर म्हटलं होतं, ‘मी पदवीला आहे.’

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. संस्थेशी बोलले. बीएड आणि पदवीनंतरचं एलएलबी यंदा घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं, निधी तेवढा नाही. इंटर्न आणि चौथ्या वर्षाची मुलं घ्यायची. मराठी मसुदा असा केलाय, दुरुस्ती सुचवा:

‘ही शिष्यवृत्ती बारावीनंतर आपली पहिली पदवी घेत असलेल्या विद्यार्थिनी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीई, बीफार्म, एमबीबीएस, पाच वर्षांचे एलएलबी किंवा अशा कोणत्याही पदवीच्या कोणत्याही वर्षाला तुम्ही सध्या शिकत असाल, तर अर्ज करा. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला असलेले आणि इंटर्नशिप करणारेही अर्ज करू शकतात. अकरावी-बारावीत शिकणाऱ्यांसाठी आणि एक पदवी आधीच घेतलेल्यांसाठी ही शिष्यवृत्ती नाही.’

बीकॉम सोडलेल्या त्या मुलाशीही बोलणं झालं. बाहेरून परीक्षा देऊन पदवी पुरी करायची त्याची इच्छा आहे. प्रवेश झाला की ‘सध्या शिकत असाल’मध्ये तोही येईल.

शेवंती

छान झालाय. एकच अडचण. ‘बारावीनंतर’मुळे डिप्लोमावाली मुलं बाहेर राहतील. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला येणाऱ्यांनी बारावी केलेलीच नसते. पदविका ही पदवी नव्हे, त्यामुळे बीई ही त्यांची पहिलीच पदवी. यातल्या कितीतरी मुलांच्या घरी पैशांची ओढाताण असते. ‘बारावीनंतर किंवा पदविकेनंतर’ असं करा.

दवबिंदू

आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये शिक्षणाच्या रकान्याला ‘यूजी/पीजी’ असा पर्याय ठेवू नका. ‘सध्या कोणत्या पदवीच्या कितव्या वर्षाला आहात?’ एवढं विचारा आणि उत्तराला मोकळी जागा ठेवा.

रानजाई

दोन्ही दुरुस्त्या केल्या. पत्रक उद्या छापायला जातंय.